उष्ट्या पाण्याचा नळ

दुसऱ्यांच्या लेकरांना आज किती वेळा शी झाली, हे विचारत दारोदार फिरणारा माणूस, अशी माझी शुक्रवार पेठेत ख्याती आहे. ती कशी झाली हे मला एकदा पहिल्यापासून सांगायचंय. लोक अर्धवट सांगतात आणि त्या अर्ध्यात मला वेडा ठरवतात. मी वेडा नाही. मी काळजी करणारा माणूस आहे. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघतो, मग कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा बघतो. महानंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणतात की ओढून ओढून ते कुलूप इतकं ढिलं झालंय की चोरालाच त्याची दया येईल. असो. कुलपाचा विषय नाही.

आमच्या बोळाच्या तोंडाशी समाजमंदिराची एक खोली आहे. तिथं दिपाली अंगणवाडी चालवते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती खात्याचं एक पत्र घेऊन आमच्या ओट्यावर आली, तोंड एवढंसं झालेलं. पत्रात असं होतं, की जिथं हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी नाही ती अंगणवाडी बंद करून मुलं जवळच्या अंगणवाडीत घालावीत. पंचवीस तारखेला पर्यवेक्षिका मॅडम स्वतः बघायला येणार. आता जवळची अंगणवाडी म्हणजे मोठ्या रस्त्याच्या पलीकडची. तो रस्ता असा आहे की बासष्टाव्या वर्षी मीसुद्धा ओलांडायच्या आधी शिवाचं नाव घेतो, आणि ओलांडून झाल्यावर काय आणायला आलो होतो ते विसरतो.

"काका, तीन-तीन वर्षांची पोरं डंपरच्या मधनं कशी जातील?" दिपाली म्हणाली. "निम्म्या आया पाठवायच्याच नाहीत. कुणी विड्या वळते, कुणी टॉवेलच्या कारखान्यात जाते. पोरं घरात कोंडून जातील बघा."

हे खरं होतं. पण पाणी आणायचं कुठून? आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. बावीस मुलं, खाण्याआधी एकदा, खाल्ल्यावर एकदा, शिवाय मधे 'जाऊन' आल्यावर वेगळं. एवढं पाणी पुरवायचं तर बोळातल्या दोन घरांनी आंघोळ सोडायला हवी होती, आणि त्यातलं एक घर कुणाचं ठरणार हे सगळ्यांच्या नजरेवरून मला कळत होतं.

"तेच पाणी गाळून परत वापरायचं," मी म्हणालो.

का म्हणालो, हे मला आजही सांगता येणार नाही. मी एकतीस वर्षं एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. सहायक म्हणजे शिपाई नव्हे, हे मी त्या शाळेला एकतीस वर्षं समजावत होतो, आणि माझ्या निरोप समारंभाच्या दिवशीसुद्धा मुख्याध्यापकांनी चहाचे कप मलाच उचलायला सांगितले. तेव्हापासून कुणी काही अडचण सांगितली की माझ्या तोंडून शास्त्रीय उपाय बाहेर पडतो. मागाहून घाम फुटतो, पण तोवर उपाय पडलेला असतो.

दोन दिवसांत ही बातमी बोळभर झाली. योजना अशी, की वर एक निळा ड्रम, त्याला नळ, नळाखाली सिमेंटचं भांडं, त्यातलं पाणी खाली तीन बादल्यांतून जाणार, पहिलीत खडी, दुसरीत वाळू, तिसरीत कोळसा. मग त्यात मोजून टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, आणि हातपंपानं परत वर. नळाला हात लावायचा नाही, पायाच्या दांडीनं सोडायचा. ही दांडी आमच्या अल्लाउद्दीनभाईंनी केली. त्यांचं सायकलचं दुकान बोळाच्या कोपऱ्यावर आहे. त्यांनी जुन्या सायकलचा ब्रेक, वायर आणि एक स्प्रिंग घेऊन अशी झकास दांडी केली की पाय ठेवला की नळ चालू, काढला की बंद. "टेन्शन नक्को काका," ते म्हणाले. टेन्शन घेऊ नको असं कुणी म्हटलं की माझी छाती जास्तच धडधडते, पण ते त्यांना कसं सांगणार.

सल्ले मात्र फुकटचे आणि भरपूर आले. एक जण म्हणाला वाळू भीमेचीच पाहिजे. दुसरा म्हणाला भीमेची नको, सीनेची घ्या. तिसऱ्यानं कोळशाऐवजी नारळाची शेंडी सुचवली. वाळूचं पोतं उतरलं तेव्हा चौथ्यानं माझ्याकडं बघून मान डोलावली आणि म्हणाला, "बांधा, बांधा. रस्ता काय, सगळ्यांचाच हाय." त्याला वाटलं मी घर पुढं घेतोय.

खरा घाव घातला सिद्धाप्पांनी. आमच्या समोरच्या ओट्यावर ते दिवसभर बसून असतात. वय ऐंशी, गिरणीत आयुष्य गेलं, मूळ अक्कलकोटकडचे, त्यामुळं अर्धा राग कानडीतून येतो.

"एन महेश्वर," ते म्हणाले, "माझ्या हाताचा मळ तुझ्या हातावर, तुझ्या हाताचा त्या पोराच्या हातावर. ह्याला धुणं म्हनायचं का वाटणी?"

"मधे वाळू आहे, कोळसा आहे."

"उष्टं ते उष्टं. कोळशानं काय उष्टं निघतंय व्हय?"

मी त्यांना गाळण्याची क्रिया समजावली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी पान थुंकून म्हणाले, "पर उष्टंच की." ओट्यावरच्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. शास्त्राचा असा पराभव मी शाळेतसुद्धा बघितला नव्हता.

ड्रम समाजमंदिरापुढं रस्त्यावर ठेवायचा म्हणून परवानगी लागणार, असं मला वाटलं. बोळात दुसऱ्या कुणालाच तसं वाटलं नाही, पण मी रस्त्यावर खुर्चीसुद्धा परवानगीशिवाय टाकत नाही. महापालिकेच्या झोन ऑफिसात शिवपुत्र नावाचे क्लार्क होते. सज्जन माणूस. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"हे पाणीपुरवठ्यात बसत नाही, कारण तुम्ही नवीन कनेक्शन मागत नाही," ते म्हणाले. "ड्रेनेजमध्ये बसत नाही, कारण तुम्ही पाणी सोडत नाही. पाणी घेत नाही, सोडत नाही. मग तुम्ही करता काय?"

"फिरवतो," मी म्हणालो.

"फिरवण्याचा फॉर्म नाही."

तीन दिवस मी तीन टेबलं हिंडलो. चौथ्या दिवशी शिवपुत्रांनाच माझी दया आली आणि त्यांनी शोधून काढलं की रस्त्यावर पाण्याचं भांडं ठेवायला एकच परवानगी असते, पाणपोईची. ती त्यांनी दिली. खाली अट होती, 'पाणपोई' असा फलक दर्शनी भागात लावावा. मी म्हणालो, अहो, हे पिण्याचं पाणी नाही. ते म्हणाले, मग तसं खाली लिहा की. म्हणून आमच्या ड्रमवर ठळक अक्षरात 'पाणपोई' आणि त्याखाली माझ्या अक्षरात 'पिऊ नये' असा फलक लागला. महानंदानं तो वाचला आणि काही न बोलता आत गेली. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर बायको काही न बोलता आत गेली, की काय समजायचं ते मला समजतं.

पंधरा तारखेला नळ सुरू झाला. दिपालीनं मुलांना रांगेत उभं केलं, अल्लाउद्दीनभाईंची नात अरिबा सगळ्यात पुढं. मुलांना ती पायाची दांडी फार आवडली. मी लिटमसचा कागद घेऊन बाजूला उभा होतो. सगळं छान चाललं होतं, आणि म्हणूनच मला चैन पडेना.

दुपारी मी जेवायला घरात गेलो, तेवढ्यात मैंदर्गीहून बाजाराला आलेला एक माणूस आमच्या पाणपोईचं पाणी प्यायला. मी हात धुऊन बाहेर येतो तर तो मिशा पुसत उभा. दोन ओंजळी प्यायला होता.

"अहो, पिऊ नये लिहिलंय ना," मी ओरडलो.

"वर तर पानपोई लिव्हलंय की," तो म्हणाला. "पानपोईत येऊन प्यायचं न्हाई तर काय तोंड बघत बसायचं व्हय?"

मी त्याचं नाव विचारलं, सिदू. गाव विचारलं, फोन नंबर घेतला, घरात कोण कोण आहे तेही विचारून ठेवलं. तो बिचारा समजला, मुलीच्या स्थळाची चौकशी चाललीय. त्या संध्याकाळी मी त्याला फोन केला, पोट कसं आहे म्हणून. सकाळी केला. परत संध्याकाळी केला. तिसऱ्या दिवशी सिदू म्हणाला, "सायेब, पोट लई झ्याक हाय. पर तुमचा फोन वाजला की गडगडतंय. तेवढा फोन नगा करू." पुढं त्यानं उचलणंच बंद केलं, आणि न उचललेल्या फोनाचे अर्थ मी किती काढले असतील ते तुम्हीच ठरवा.

एका मोठ्या माणसाचं असं, तर बावीस मुलांचं कसं? हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर निघेना. वाळूतून काही निसटलं असेल तर? पावडर चिमूटभर कमी पडली असेल तर? उद्या एखाद्या पोराला जुलाब लागले तर ती आई माझ्याकडंच बघणार, आणि तिचं बरोबरच असणार. म्हणून मी रोज संध्याकाळी एक वही घेऊन घरोघर जायला लागलो. प्रश्न तीनच. पोट दुखलं का, उलटी झाली का, आणि तो तिसरा. वहीत तारीखवार तक्ता केला होता. मला वाटलं आयांना बरं वाटेल, की कुणीतरी एवढी काळजी घेतंय.

चौथ्या दिवशी अल्लाउद्दीनभाईंच्या बायकोनं, गुलबानोनं, दारातच थांबवलं. "काका, रोज कायकू पुछते जी? पानी में कुछ हय क्या?"

"काही नाही, काही नाही," मी म्हणालो. "झालंच तर लगेच कळावं म्हणून."

हे वाक्य मी कुठून काढलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं घरूनच पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आली. तेवीस तारखेला नळावर हात धुणारी मुलं राहिली चार, आणि त्यातली दोन दांडी दाबायला मिळते म्हणून. दिपाली माझ्याकडं आली.

"काका, पाया पडते, विचारायचं बंद करा. परवा मॅडम येणार. मुलं धूतच नाहीत असं त्यांनी बघितलं तर कुलूप घालतील. मग ती अरिबा, ती बाकीची लेकरं, रोज तो रस्ता..."

मला इतकं लागलं की मी त्या दिवशी जेवलो नाही. एवढी मरमर केली आणि अंगणवाडी बुडवायला मीच कारणीभूत. मी वही कपाटात ठेवली. पण विचारणं बंद केलं म्हणून काळजी थोडीच बंद होते? मी घरात येरझारा घालायचो, आणि महानंदा चहा ठेवून माझ्याकडं बघत राहायची.

पंचवीस तारखेला अकराला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, हातात फाईल, चेहरा असा की काही वाचता येऊ नये. मुलं रांगेत, आया मागं, अल्लाउद्दीनभाई दुकान सोडून आलेले, सिद्धाप्पा ओट्यावर. आत खिचडीचं पातेलं तयार. दिपालीनं अरिबाला पुढं केलं. अरिबानं दांडीवर पाय ठेवला. पाणी आलं. मला ते जरासं पिवळट वाटलं. तिनं साबण घेतला, हात चोळले, आणि चोळता चोळता तिचे दोन्ही हात लालभडक झाले.

अरिबानं हात वर करून बघितले. रडली नाही. फक्त म्हणाली, "खून."

मागं एकच गलका झाला. आयांनी आपापली पोरं ओढून घेतली. गुलबानो धावत आली आणि नातीचे हात उलटसुलट करून जखम शोधायला लागली. मॅडमचं पेन कागदावर थांबलं.

मला मात्र एका क्षणात कळलं. एकतीस वर्षं सातवीच्या वर्गासाठी हाच प्रयोग मी मांडत होतो. मी महानंदाकडं बघितलं. ती दारात उभी होती आणि तिचे दोन्ही तळहात पिवळे होते.

"अहो, पहाटे ड्रममध्ये हळद टाकली," ती अगदी हळू म्हणाली. "चांगली चार ओंजळी. हळद जंतू मारते ना? म्हटलं, तुमची काळजी तरी मिटेल. बघवत नव्हतं हो."

मी सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. "हळद आहे ही. साबण लागला की हळद लाल होते. तुमच्या घरी हळदीचा डाग साबणानं धुताना बघितला नाही का? दुसरं काही नाही."

प्रत्येकीनं तो डाग शंभर वेळा बघितला होता. तरी एकही पाऊल पुढं आलं नाही. तेवढ्यात सिद्धाप्पा ओट्यावरून बोलले. चिडून नाही, अगदी शांत.

"एवढी खात्री हाय तर तूच धू की महेश्वर. धा दिवस मी हितं बसून बघतोय. तू दांडीला तेल घालतोस, वाळू धुतोस, पोरांच्या पोटाची चवकशी करतोस. पर ह्या नळाखाली तुझा हात एकदाबी आलेला न्हाई. हात धुवायला तू घरात जातोस."



हे खरं होतं. मी आठवून बघितलं, एकदाही नाही. वाळू धुतली की मी घरी मोरीत जायचो आणि हंड्यातल्या पाण्यानं, आमच्या स्वतःच्या पाण्यानं, दोनदा साबण लावून हात धुवायचो. मी ते ठरवून केलं नव्हतं, पण केलं होतं. लोकांना मी शास्त्र सांगत होतो, आणि लोक माझे पाय कुठं वळतात ते बघत होते. दुसऱ्यांच्या बावीस लेकरांना मी जे पाणी दिलं, त्याला मी बोट लावलं नव्हतं. एवढी लाज मला त्या चहाच्या कपांची सुद्धा वाटली नव्हती. सिद्धाप्पांना काय, अरिबाला सुद्धा तोंड दाखवायची सोय उरली नाही असं वाटलं.

मी पुढं झालो आणि दांडीवर पाय ठेवला. पाय दांडीवर टिकेना म्हणून पाणी थांबून थांबून येत होतं. साबण लावला. हात लाल झाले. का लाल झाले हे त्या बोळात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझ्याइतकं घाबरलेलंही कुणी नव्हतं. बोटांच्या मधे चोळलं, नखं चोळली, मनगटापर्यंत धुतलं, लाल पाणी भांड्यात जाऊन खडीत उतरलं. हात झटकून मी मॅडमकडं वळलो.

"झालं," मी म्हणालो.

"झालं कसं?" मॅडम म्हणाल्या. "हात कशासाठी धुतात? बसा, खिचडी खा."

दिपालीनं ताटली आणली. मी मुलांच्या सतरंजीवर मांडी घातली. सगळे बघत होते. पहिला घास मी चावत राहिलो, चावत राहिलो, आणि शेवटी डोळे मिटून गिळला. दुसरा त्यामानानं सोपा गेला. चौथ्या घासाला बाहेर दांडीचा आवाज आला. बघतो तर सिद्धाप्पा काठी बगलेत धरून हात धूत होते. "उष्टंच हाय," ते गुलबानोला म्हणाले, "पर आपल्यातल्याच मानसाचं हाय." मग गुलबानोनं अरिबाचा हात सोडला. अरिबानं साबण परत लावला, कारण तिला लाल रंग परत बघायचा होता, आणि मग बाकीच्यांनाही बघायचा होता. बाटल्या भिंतीशी पडल्या. दांडी कुणी दाबायची यावरून रांगेत मारामारी झाली.

मॅडमनी सगळी रांग संपेपर्यंत थांबून फाईल उघडली. "पाणी तपासायला पाठवते," त्या म्हणाल्या. "अहवाल येईपर्यंत अंगणवाडी इथंच राहील. पण माझी एक अट आहे. रोज मुलांच्या आधी ह्यांनी इथं हात धुवायचे आणि मुलांबरोबर बसून खायचं. रजिस्टरात नाव घाला."

"मुलांच्या रजिस्टरात?" दिपालीनं विचारलं.

"दुसरं कुठलं आहे?"

हळदीचा लाल रंग दोन दिवसांत गेला. अहवाल अजून आलेला नाही. मी शिवपुत्रांना विचारलं, ते म्हणाले अशा पाण्याच्या अहवालाला कुठल्या टेबलावर पाठवायचं ते ठरतंय. तोवर मी रोज अकराला जातो. भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू. दांडीवर पाय ठेवताना अजून धस्स होतं. पण ते आधी मला होतं आणि मग मुलं पुढं येतात. हा क्रम मी पहिल्या दिवशीच लावायला हवा होता. हात धुऊन मी सतरंजीवर शेवटी बसतो. दिपाली हजेरी घेते. बाविसावं नाव झालं की ती जरा थांबते, हसू दाबते आणि म्हणते, "महेश्वर." आणि मी हात वर करून दाखवतो, दोन्ही बाजूंनी.